शेजाऱ्याला आधी कोण सांगतं? परिकल्पना नक्की करतानाच्या नोंदी

या नोंदी एका लहान सर्वेक्षणाच्या पूर्वतयारीच्या आहेत. विषय: बहुमजली निवासी इमारतींत लोक अडचणीच्या वेळी शेजाऱ्याकडे जातात की नाही, आणि जाणारे कोण. गट तिघांचा. मी, आकडेमोड पाहणारा सहकारी आणि मुलाखती घेण्यात मुरलेली सहकारी. मार्गदर्शक म्हणून मॅडम. प्रत्यक्ष माहिती गोळा करण्याचा भाग यात नाही. परिकल्पना (म्हणजे माहितीवरून तपासता येईल असा आधीच लिहिलेला अंदाज) लिहायला बसल्यापासून प्रश्नावली छपाईला जाईपर्यंतच्याच नोंदी आहेत, कारण आमचा सर्वाधिक वेळ इथेच गेला आणि बहुतेक अहवालांत हा टप्पा दोन ओळींत उरकलेला असतो.

3 जून

फळ्यावरचं पहिलं वाक्य: 'उंच इमारतींमध्ये शेजारसंबंध कमकुवत होत चालले आहेत.' मॅडमनी एवढंच विचारलं, "कोणतं उत्तर हाती आलं तर तुम्ही हे वाक्य खोडाल?" तिघांपैकी कुणालाच सांगता आलं नाही.

मग त्या वाक्याचे तुकडे पाडले. 'होत चालले आहेत' हा काळाबरोबरचा बदल झाला, आणि आम्ही लोकांना एकदाच भेटणार. जुनी मोजणी हातात नसेल तर एका वेळच्या सर्वेक्षणात बदल दिसत नाही. 'पूर्वी कसं होतं?' असं विचारलं तर आठवण मिळते, मोजमाप मिळत नाही. 'कमकुवत' कुणाच्या तुलनेत, तेही लिहिलेलं नव्हतं. 'शेजारसंबंध' या शब्दात तर ओळख, गप्पा, विश्वास, उसनवारी, भांडण असं सगळंच मावतं. हे वाक्य कदाचित खरंही असेल, पण तपासण्याजोगं नव्हतं. पुसून टाकलं.

6 जून

आज परिकल्पना लिहायचीच नाही, फक्त प्रश्न लिहायचा, असं ठरवून बसलो. प्रश्न असा झाला: 'एकाच इमारतीत राहणाऱ्यांपैकी काहीजण गरजेला शेजाऱ्याकडे जातात, काही जात नाहीत. हा फरक कशामुळे पडतो?'

यातून शक्य कारणांची लांबलचक यादी निघाली. राहण्याचा कालावधी, मालक की भाडेकरू, घरात मुलं आहेत का, वय, नोकरीच्या वेळा, मजला, लिफ्ट, इमारतीतल्या घरांची संख्या, नातेवाईक जवळ राहतात का. यादी करताना उत्साह येतो, पण यादी म्हणजे परिकल्पना नव्हे. प्रत्येक कारणासमोर 'म्हणून काय घडायला हवं?' हे लिहायला घेतलं तेव्हा निम्म्या ओळी रिकाम्याच राहिल्या. तिथे आम्हाला काही सांगायचंच नव्हतं. त्या ओळी काढल्या.

11 जून

वाचन. इथे वेळ घालवला याचं वाईट वाटत नाही. आपली शंका आधी कुणाला आली होती आणि तिचा शेवट काय झाला, हे कळल्याशिवाय परिकल्पनेला टोक येत नाही.

लुई वर्थ यांनी 1938 मध्ये शहरी जीवनाविषयी मांडणी केली. लोकसंख्येचा आकार, दाटी आणि लोकांमधलं वैविध्य वाढलं की जवळचे संबंध विरळ होतात, असा तिचा गाभा. कसार्डा आणि जानोविट्झ यांनी 1974 मध्ये इंग्लंडमधल्या सर्वेक्षणाच्या आधारे हे तपासलं. त्यांना आकार आणि दाटी यांपेक्षा माणूस त्या वस्तीत किती काळ राहिला आहे, ही गोष्ट स्थानिक ओळखीपाळखीशी जास्त जोडलेली दिसली. म्हणजे एकाच प्रश्नाची दोन वेगळी उत्तरं, आणि दोघांचे अंदाज एकमेकांशी टक्कर घेतात. हे आमच्या उपयोगाचं. मोठ्या इमारतीत खूप वर्षं राहिलेला माणूस शेजाऱ्याकडे जाईल का? वर्थ यांच्या मांडणीवरून 'कमी जाईल' असं निघतं, दुसऱ्या मांडणीवरून 'जाईल'.

तिसरं काम फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक यांचं, 1950 मध्ये प्रसिद्ध झालेलं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत मैत्री कुणाशी जुळते, हे त्यांनी पाहिलं. शेजारच्या दाराशी सर्वाधिक, आणि दोन दारं ओलांडली की कमी. जिना किंवा टपालपेट्यांजवळ राहणाऱ्यांची वरच्या मजल्याशीही ओळख. या अभ्यासाचं बळ असं की तिथली घरं रहिवाशांना वाटून दिलेली होती, त्यामुळे आधीच्या मैत्रीवरून कुणी शेजार निवडलेला नव्हता. हा मुद्दा वहीत ठळक लिहून ठेवला. पुढे तो कामी आला.

14 जून

पहिली औपचारिक परिकल्पना: 'इमारतीतील वास्तव्याचा कालावधी जास्त असेल तर शेजाऱ्यांशी मदतीची देवाणघेवाण जास्त असते.'

मुलाखती घेणाऱ्या सहकारीने लगेच अडवलं. 'देवाणघेवाण' म्हणजे दोन गोष्टी, देणं आणि मागणं. नवा रहिवासी ओळख वाढवायला मदत देऊ करत असेल आणि मागायला संकोचत असेल, तर दोन्हींची बेरीज करून काय कळणार? एक वाढेल, दुसरं घटेल, बेरीज स्थिर राहील आणि आम्ही 'संबंध नाही' असं लिहून मोकळे होऊ. एका परिकल्पनेत एकच दावा. 'आणि', 'तसेच', 'देवाणघेवाण' असे शब्द वाक्यात दिसले की तिथे दोन दावे चिकटलेले असतात. आम्ही 'मागणं' ठेवलं.

18 जून

पथदर्शी मुलाखतींची, म्हणजे प्रश्न चालतात का हे पाहायला आधी थोड्या लोकांच्या घेतलेल्या मुलाखतींची, पहिली फेरी. विधानं अशी होती: 'अडचण आली तर मी शेजाऱ्याकडे निःसंकोच मदत मागेन', पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत, पाच पर्याय. जवळजवळ सगळे सहमत. चांगलं दिसणारं उत्तर कुठलं ते विधानातच लिहिलेलं होतं. सगळ्यांचं उत्तर सारखं असेल तर कालावधीशी त्याचा संबंध दिसणार कुठून?

रिचर्ड लापिएर यांचा 1934 चा अभ्यास इथे आठवला. एका चिनी दांपत्यासोबत ते अमेरिकेत फिरले आणि 250 च्या आसपास हॉटेलं-उपाहारगृहांत गेले. नकार मिळाला एकाच ठिकाणी. नंतर त्याच ठिकाणांना पत्र पाठवून 'चिनी पाहुणे घ्याल का?' असं विचारलं, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी 90 टक्क्यांहून अधिकांनी 'नाही' कळवलं. माणूस जे सांगतो आणि जे करतो त्यांत एवढं अंतर पडू शकतं. आमच्या बाबतीत अंतराची दिशा उलटी असेल, पण धोका तोच. 'मागेन' हे काढून 'मागितली का?' असं घडलेल्या प्रसंगाबद्दल विचारायचं ठरलं. विधानांचा अख्खा संच बाद.

24 जून

दुसरी फेरी. प्रश्न: 'गेल्या वर्षभरात शेजाऱ्याकडे कधी मदत मागितली का?' हा प्रश्नही पडला, आणि यातून सगळ्यात जास्त शिकायला मिळालं, म्हणून सविस्तर लिहितो.

खूप वर्षं राहिलेल्या एका वयस्क बाईंनी 'नाही' सांगितलं. सहकारी उठता उठता सहज बोलत राहिली तेव्हा कळलं की त्यांना वर्षभरात कुणाला काही मागायची वेळच आली नव्हती. पुढच्या घरातल्या नव्या भाडेकरूनेही 'नाही' सांगितलं. त्याची किल्ली घरात अडकली होती आणि तो शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मित्राची वाट पाहत जिन्यात बसून राहिला होता. आमच्या तक्त्यात दोघांचं उत्तर एकच, 'नाही'. पहिल्या 'नाही'चा शेजाराशी काही संबंध नव्हता. दुसऱ्या 'नाही'मध्ये आमचा सगळा विषय होता.

चूक प्रश्नाच्या शब्दांत नव्हती, परिकल्पनेतच होती. 'जास्त काळ राहिलेले जास्त मदत मागतात' असं म्हणताना गरज सगळ्यांना सारखीच पडते असं आम्ही न लिहिता धरून चाललो होतो. लहान मुलं असलेल्या घराला, एकट्या राहणाऱ्याला, आजारी माणूस असलेल्या घराला गरज वेगवेगळी पडते. गरज मोजल्याशिवाय मागणं मोजण्यात अर्थ नाही.

म्हणून परतंत्र चल (ज्यात फरक पडतो का ते पाहायचं ती गोष्ट) बदलला. आता आधी प्रसंग विचारायचे: घरी कुणी नसताना पार्सल येणं, किल्ली आत राहणं, रात्री-अपरात्री दवाखान्यात जावं लागणं, मुलाला थोडा वेळ कुणाजवळ ठेवावं लागणं, बाहेरगावी असताना घराकडे लक्ष ठेवायला लागणं. जो प्रसंग आला, त्यात सगळ्यात आधी कुणाला सांगितलं? मोजायचं प्रमाण: आलेल्या प्रसंगांपैकी कितींमध्ये इमारतीतल्याच माणसाला आधी सांगितलं. आठवणीसाठी वर्ष फार लांब होतं, लोक मागच्या वर्षीचे प्रसंगही त्यात आणत होते. तीन महिने ठेवले.

याची किंमत मोजावी लागणार. ज्या घरात तीन महिन्यांत एकही प्रसंग आला नाही ते या परिकल्पनेच्या तपासणीत बसत नाही, म्हणजे जास्त दारं ठोठवावी लागतील. आधी छापून घेतलेल्या प्रश्नावल्याही वाया गेल्या. पथदर्शी फेरी संपेपर्यंत काहीही मोठ्या संख्येने छापू नका.

29 जून

नियंत्रणात, म्हणजे तुलना करताना सारखे धरायला, कोणते चल घ्यायचे यावर वाद. सहकाऱ्याच्या यादीत मालकी, वय, घरातली मुलं आणि 'मजल्यावरच्या किती घरांतल्या माणसांची नावं माहीत आहेत' असे चार चल होते.

पहिले तीन पटले. घराचा मालक जास्त काळ राहतो आणि इमारतीच्या बैठकांना जात असल्यामुळे ओळखीही जास्त. मग कालावधीचा दिसणारा परिणाम खरं तर मालकीचा असू शकतो. शाळेत जाणारी मुलं असली की घर बदलणं टाळलं जातं आणि मुलांमुळे दारंही उघडतात. वयाचंही तसंच. हे चल दोन्ही बाजूंना हात लावतात, म्हणून ते सारखे धरून पाहणं गरजेचं.

नावं माहीत असण्याची गोष्ट वेगळी. जास्त काळ राहिलं की नावं कळतात आणि नावं कळली की मदत मागणं सोपं होतं, हीच तर आमच्या म्हणण्यातली वाट आहे. ती सारखी धरली तर परिणाम ज्या रस्त्याने जातो तोच आपण बंद करतो आणि मग 'कालावधीचा परिणाम नाही' असा निष्कर्ष काढतो. हा मध्यस्थ चल आहे, नियंत्रणाचा नाही. सॉफ्टवेअरला दोन्हींतला फरक कळत नाही, ते दोन्ही एकाच रकान्यात घेतं. बाणांची आकृती कागदावर काढली तेव्हा वाद लगेच मिटला. आकृती आधी काढली असती तर बराच वेळ वाचला असता.

2 जुलै

इमारत की माणूस? सहकाऱ्याने सुचवलं की प्रत्येक इमारतीचा सरासरी वास्तव्य-कालावधी आणि सरासरी मदत-प्रमाण घेऊ, काम सोपं होईल. सोपं होईल, पण मग दावा इमारतींबद्दलचा राहील. विल्यम रॉबिन्सन यांनी 1950 मध्ये अमेरिकेच्या 1930 च्या जनगणनेवरून दाखवलं होतं: राज्यांच्या पातळीवर परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण जास्त तिथे निरक्षरता कमी, पण व्यक्तींच्या पातळीवर परदेशात जन्मलेल्यांत निरक्षरता किंचित जास्त. एकाच माहितीत दोन पातळ्यांवर दोन विरुद्ध दिशा. आमचा प्रश्न माणसाविषयी आहे, म्हणून परिकल्पनेच्या वाक्यात 'रहिवासी' हा शब्द टाकला आणि विश्लेषणाचं एकक तेच ठेवलं.

5 जुलै

किती लोक? आमच्या मते 0.2 एवढा सहसंबंध (दोन गोष्टी किती सोबत बदलतात याचं माप; 0 म्हणजे काहीच नाही, 1 म्हणजे पूर्ण) असेल तरच तो सांगण्याजोगा. 5 टक्के सार्थकता पातळी (संबंध नसताना तो आहे असं म्हणून बसण्याचा धोका), दोन्ही बाजूंची चाचणी आणि 80 टक्के सामर्थ्य (तेवढा संबंध असेल तर तो सापडण्याची शक्यता) धरलं तर 194 माणसं लागतात. (0.1 शोधायचा असता तर 780 च्या वर. अपेक्षा अर्धी केली की नमुना चौपट होतो.)

पण एकाच इमारतीतली माणसं एकमेकांसारखी असतात, म्हणून 194 पुरत नाहीत. हे साम्य 0.10 धरलं आणि प्रत्येक इमारतीत 10 मुलाखती घेतल्या तर नमुना 1.9 पट, म्हणजे 369 च्या आसपास. इमारतीमागे 6 घेतल्या तर दीडपट, म्हणजे 291. मुलाखती कमी होतात पण इमारती वाढतात, आणि प्रत्येक इमारतीची परवानगी काढणं हे मुलाखतीपेक्षा चिवट काम आहे. बराच काथ्याकूट करून 49 इमारती आणि प्रत्येकी 6, म्हणजे 294 वर थांबलो. यादीतून यदृच्छेने क्रम लावायचा आणि किमान एक प्रसंग आलेली 6 घरं मिळेपर्यंत त्या क्रमाने पुढे जायचं. ओळखीच्या घरांतून मुलाखती भरून काढायच्या नाहीत. तसं केलं तर शेजाऱ्यांशी बोलणारीच माणसं आमच्याकडे जमा होतील.

8 जुलै

उलटा बाण. हा प्रश्न मॅडमनी सुरुवातीलाच काढला होता आणि आम्ही टाळत होतो. जास्त काळ राहिल्यामुळे माणूस शेजाऱ्याकडे जाऊ लागतो, की ज्याचं शेजाऱ्यांशी जमतं तोच टिकून राहतो आणि न जमणारा घर बदलतो? दोन्ही खरं असलं तरी आमच्या तक्त्यात आकृती सारखीच दिसेल.

फेस्टिंगर मंडळींच्या वसाहतीवरून वाट सुचली. नोकरीसोबत मिळणाऱ्या घरांत किती काळ राहायचं ते बहुतांशी बदलीवर ठरतं, शेजाऱ्यांशी जमण्यावर नाही. अशा इमारतींतही संबंध टिकला तर आमच्या म्हणण्याला बळ येईल. 49 पैकी 10 इमारती अशा घ्यायच्या. हिशोब केला तेव्हा 60 मुलाखतींवरून सहसंबंधाचा कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा तो पट्टा) दोन्हीकडे 0.3 च्या वर पसरतो. एवढ्या पसाऱ्यातून निवाडा होत नाही. म्हणून ही गोष्ट परिकल्पना म्हणून लिहिलेली नाही. अहवालात ती 'शोधपर' या शीर्षकाखाली जाईल आणि उलट्या बाणाची शक्यता उघडी आहे, असं आम्ही स्पष्ट लिहू.

12 जुलै

परिकल्पनांची संख्या पुन्हा वाढली होती. प्रत्येकाला आपली एखादी हवी होती. एकमेकींपासून स्वतंत्र अशा 20 चाचण्या 5 टक्के पातळीवर केल्या आणि प्रत्यक्षात कुठेही संबंध नसला, तरी निदान एक 'सार्थक' निघण्याची शक्यता 64 टक्के असते. मग तीच एक अहवालात येते आणि ती आधीपासून मनात होती असं लिहिलं जातं. नॉर्बर्ट केर यांनी 1998 मध्ये या सवयीवर सविस्तर लिहिलं: निकाल कळल्यावर परिकल्पना रचायची आणि ती आधीची म्हणून मांडायची. असं करणाऱ्याला आपण काही वावगं करतोय असं वाटतही नाही, हे मला सगळ्यात घातक वाटतं. म्हणून मी दोनवर अडून बसलो. बाकीच्या शोधपर.

15 जुलै

शून्य परिकल्पना लिहिताना अडखळलो. 'कालावधी आणि मदत मागणं यांत संबंध नाही' ही ती. चाचणीत ती नाकारता आली नाही तर ती सिद्ध झाली असं होत नाही. नमुना तोकडा असला तरी तेच घडतं. मग आमची परिकल्पना हरली, हे कधी म्हणायचं? 3 जूनचा प्रश्न अजून उभाच होता.

तोडगा सहकाऱ्याने काढला. आमच्या 294 मुलाखतींचं वजन इमारतीतलं साम्य वजा जाता 196 स्वतंत्र मुलाखतींएवढं. खरा संबंध शून्याजवळ असेल तर 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल साधारण उणे 0.14 ते अधिक 0.14 असा येईल. त्याची वरची कड 0.2 च्या खाली राहिली तर सांगण्याजोगा संबंध नाही आणि आमची परिकल्पना पडली. संपूर्ण इंटरव्हल शून्याच्या वर असेल आणि 0.2 पर्यंत पोहोचत असेल तर ती टिकली. शून्य आणि 0.2 दोन्ही आत असतील तर 'ठरवता येत नाही', आणि तसंच लिहायचं. शून्याच्या वर पण 0.2 च्या खाली राहिला, तर संबंध आहे पण आम्ही म्हणत होतो तेवढा नाही. म्हणजे तेव्हाही हरलो. चारही शक्यता माहिती यायच्या आधी कागदावर आल्या. या कामातलं मला सर्वांत मोलाचं पान हेच.

18 जुलै

अंतिम मसुदा, मॅडमच्या सहीसह:

पहिली. किमान एक गरजेचा प्रसंग आलेल्या रहिवाशांमध्ये, इमारतीतल्या माणसाला आधी सांगितलेल्या प्रसंगांचं प्रमाण वास्तव्याच्या कालावधीबरोबर वाढतं; मालकी, वय आणि घरातली शाळकरी मुलं सारखी धरल्यावरही. (कालावधीचा क्रम घ्यायचा, वर्षांचा आकडा नाही. पहिल्या आणि तिसऱ्या वर्षातला फरक विसाव्या आणि बाविसाव्या वर्षातल्या फरकाएवढा असतो, असं मानायला आमच्याकडे आधार नाही.)

दुसरी. हा संबंध इमारतीतल्या घरांच्या संख्येनुसार बदलत नाही. वर्थ यांच्या मांडणीवरून मोठ्या इमारतीत तो क्षीण व्हायला हवा. आम्ही त्याविरुद्ध उभे आहोत. इथे आमचा दावाच 'बदल नाही' असा असल्यामुळे हरण्याची अट वेगळी लिहावी लागली: लहान इमारतींतला सहसंबंध मोठ्या इमारतींतल्यापेक्षा 0.3 हून अधिक असेल, आणि त्या फरकाचा इंटरव्हल शून्याला शिवत नसेल, तर आम्ही चूक. या परिकल्पनेसाठी आमचा नमुना तोकडा आहे. फरक मध्यम असेल तर आम्हाला तो दिसणारच नाही. हेही अटीच्या खाली लिहून ठेवलं.

21 जुलै

दोन्ही परिकल्पना, बाणांची आकृती, हरण्याच्या अटी आणि विश्लेषणाचे टप्पे असलेली फाइल तारखेसह विभागात जमा केली. यापुढे तिच्यात बदल झाला तर जुनं न खोडता खाली तारीख घालून लिहायचं. प्रश्नावली छपाईला गेली. पहिल्या 12 इमारतींची परवानगी हातात आहे, बाकीच्यांसाठी पत्रं गेली आहेत.